ओल्याचा भाव

माधोगंजच्या मागची वीस बाय तीसची जागा
महिना अठराशेला घेतली.
कुंपण होतं, दार नव्हतं.
तराजू उसना.

पेंटर विचारतो, बोर्डावर काय लिहू?
घरात आम्ही म्हणतो वखार,
गल्ली म्हणते टाल.
मी म्हटलं, थांब जरा. आधी माल येऊ दे.

दीर म्हणाले, वहिनी,
आपल्या गोवऱ्या मसणात गेल्या
आणि आता तुम्ही लाकडांचा धंदा काढताय?
म्हटलं, मग तर घरचंच गिऱ्हाईक, दोन रुपये कमी लावीन.
ते हसले नाहीत.
आत जाऊबाई हसल्या, भांडी आपटत,
म्हणजे ऐकू जाऊ नये इतपत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मोहन्याकडून ट्रक आला.
बाभूळ, थोडा धावडा,
परवाना, पावती, सगळे कागद चोख.
चाळीस क्विंटल. सोळा हजार रोख मोजले,
त्यात दोन बांगड्या होत्या.

महिन्या-दीड महिन्याने सहज पुन्हा वजन केलं.
एकतीस.
कुलूप शाबूत. कुत्रा शाबूत.
हल्के हमालाकडे बघितलं, तर तो बिडी विझवत म्हणाला,
पानी उड गओ, बाई.

नऊ क्विंटल पाणी
मी लाकडाच्या भावाने घेतलं होतं.

त्या रात्री झोपले नाही, हिशेबही केला नाही.
नुसती पडून राहिले आणि आठवत राहिले
शाळेत घोकलेलं, सुक्याबरोबर ओलंही जळतं.
म्हण करणाऱ्याने कधी टाल चालवली नसणार.
ओलं जळत नाही.
ते धुमसतं, आणि शेजारच्या सुक्यालाही धड जळू देत नाही.

बेडईवाला चतुर्भुज मणभर घेऊन गेला होता.
चौथ्या दिवशी डोळे लाल करून परत आला,
कढईआधी मीच उकळलो, म्हणाला.
उरलेलं परत घेतलं. पैसेही दिले.
जाता जाता त्यानेच शिकवलं:
दोन ओंडके एकमेकांवर आपट.
ओलं थप् म्हणतं,
ओसरीवर कुणी ओला टॉवेल टाकावा तसं.
वाळलेलं वाजतं.

मग मी दिवसभर आपटत बसले.
थप्. थप्. ठण्.
ठण् डावीकडे, थप् उन्हाच्या बाजूला.
गल्लीतली पोरं मला बँडवाली म्हणू लागली.

डिसेंबरात धुकं उतरलं, किल्ला दिसेनासा झाला,
आणि एटीएमचा चौकीदार आला, मफलरमधून म्हणाला,
बाईजी, रात्रीपुरती मिळेल?
क्विंटलच्या काट्यावर रात्र कशी मोजायची?
जुन्या साडीचा काठ फाडला,
तीन किलोची मोळी बांधली, वीस रुपये.
दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे शाळेचा शिपाई,
बस स्टँडचा हमाल,
आणि नफीसा आपा, नातीच्या बाळंतपणाच्या पाण्यासाठी.
तिची मोळी जरा जाड बांधली, ते वहीत नाही.

मण विकून सुटत नव्हतं ते मोळीत सुटू लागलं.
कपाटातले काठ संपले.

परवा जाऊबाई सुई घेऊन बसल्या,
माझ्या तळव्यातली कुसळं काढायला.
तीन निघाली. चौथं खोल होतं.
मान वर न करता म्हणाल्या,
माझ्याकडे सात नऊवारी पडून आहेत, कुणी नेसत नाही,
आणि मला हिशेब लिहिता येतो.
दीर पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

बोर्ड अजून कोरा आहे.
पेंटर चहा पिऊन जातो. म्हणतो, एक तरी शब्द सांगा.
म्हटलं, सूखी लिही. एवढंच. मोठ्या अक्षरात.
लकडी दिसतेच आहे.

आज पहाटे पुन्हा मोहन्याचा ट्रक.
मी चढले फाळक्यावर, मधले दोन ओंडके ओढून काढले,
आपटले.
थप्.
ड्रायव्हर भाव सांगायला तोंड उघडतो
आणि माझ्या हातांकडे बघत
तसाच थांबतो.